कंडिशनर नाही म्हणून हौशी? मग मी २२ वर्षं काय करत होतो?

कीबोर्डवाला_दादर
परवा इथेच कुणीतरी लिहून गेलं, "पॉवर कंडिशनर गिअर वाचवतो. ज्याच्या रॅकमध्ये तो नाही तो वादक नाही, हौशी." खाली अंगठ्यांची रांग. तालमी चालू होत्या म्हणून गप्प बसलो, पण दोन दिवस ते वाक्य डोक्यात घूं करतंय. तर ऐकाच.

कंडिशनर म्हणून जे डबे विकले जातात, त्यातल्या बहुतेकांत असतं काय? दोन-चार एमओव्ही (विजेचे स्पाइक गिळणारे पुर्जे), थोडा फिल्टर, आठ सॉकेट आणि पुढे दोन दिवे. हा डबा व्होल्टेज स्थिर करत नाही. आत १९० आले की बाहेर १९०च. स्थिर करणारा रेग्युलेटर वेगळा, त्याची किंमत वेगळी आणि तो उचलायला माणूस वेगळा. शिवाय आजकालच्या कीबोर्डचा, इंटरफेसचा अ‍ॅडाप्टर उलटा करून बघा. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. कमी व्होल्टेजला तो तुमच्याआधीच सरावलेला आहे.

आता अनुभव. परळच्या एका गल्लीत सातव्या दिवशीचा कार्यक्रम, थ्री फेज जनरेटर. मध्यंतरानंतर रस्त्याकडचे हॅलोजन अचानक मंद झाले आणि माझ्या डोक्यावरचा पिवळा बल्ब पांढराशुभ्र पेटला. मी "वायर काढ!" म्हणून ओरडेपर्यंत जळक्या बॅकेलाइटचा वास. न्यूट्रल सुटला होता, म्हणजे एका फेजवर व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्यावर भलतंच चढतं. माझा अ‍ॅडाप्टर गेला. शेजारच्या गिटारिस्टचा महागडा कंडिशनर? तोही गेला, आणि त्यामागे लावलेला गिटारचा इफेक्ट प्रोसेसरसुद्धा. एमओव्ही क्षणभराचा स्पाइक गिळतो. साडेतीनशे व्होल्ट मिनिटभर प्यायला लावलेत तर तो फुटतो. दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून माझा नवा अ‍ॅडाप्टर आला. गिटारिस्ट अजून हप्ते भरतोय.

रॅकवाला_अंधेरी
ते वाक्य माझंच आहे काका, आणि मागे घेणार नाही.

माझा छोटा स्टुडिओ एका जुन्या बिल्डिंगमध्ये आहे. लिफ्ट थांबली की मॉनिटरमध्ये टक्. गायिकेचा टेक लागलाय, चौथ्या मजल्यावरचे आजोबा भाजी घेऊन आले, टक्. कंडिशनर लावल्यापासून बंद. तुमच्या मंडपातल्या अपघातावरून आमच्या रोजच्या त्रासाला खोटं पाडू नका. आणि सगळे कंडिशनर सारखे नसतात. काहींमध्ये व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की सप्लाय तोडायची सोय असते. तुमच्या मित्राने ती नसलेला घेतला, यात कंडिशनरचा काय दोष?

कीबोर्डवाला_दादर
म्हणजे आवाजासाठी घेतलास ना? मग तसं लिही. "गिअर वाचवतो" का लिहिलंस? आणि तोडायची सोयच हवी असेल तर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो, एमसीबीशेजारी पट्टीवर बसतो. त्याला पुढे निळे दिवे नसतात, हे मान्य.

टिटवाळा_फास्ट
दादर-अंधेरीत राहून व्होल्टेजवर प्रवचन सोपं आहे. इकडे या. संध्याकाळी पंखा मोजून घ्यावा इतका हळू फिरतो. पण माझं दुःख वेगळंच आहे. मागच्या नवरात्रात ऑक्टोपॅड जळाला, तो विजेने नाही. आयोजकांच्या पोराने "सेमच आहे" म्हणत दुसराच अ‍ॅडाप्टर लावला, पोलॅरिटी उलटी. भरपाई मागितली तर म्हणे पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी त्यांनी डीजे बोलावला.

रॅकवाला_अंधेरी
दादा, वाईट वाटलं, पण याचा कंडिशनरशी संबंध काय?

टिटवाळा_फास्ट
काहीच नाही. लिहायचं होतं.

सतारवाली
माझा भाचा न्यू जर्सीहून कौतुकाने कंडिशनर घेऊन आला. मावशीच्या सतारीच्या पिकअपला, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला शुद्ध वीज. मी लावला. फट् झालं, धूर निघाला. तो १२० व्होल्टचा होता! तेव्हापासून तानपुरा साध्या बोर्डावर चालतो आणि ठणठणीत आहे.

खरा प्रश्न मात्र मला वेगळाच पडलाय. मागच्या महिन्यात एका सभागृहात स्पीकरमधून सारखा घूं येत होता. साउंडवाल्या मुलाने पकड काढली आणि माझ्या प्रीअ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाड पिन मोडून टाकली. घूं थांबला. टाळ्याच पडायच्या बाकी होत्या. हे बरोबर आहे का?

सोल्डरबाबा
ताई, तो प्लग आजच्या आज बदला. मग पुढचं वाचा.

ती अर्थची पिन. आत कुठे फेजची, म्हणजे जिवंत वायर सुटून पत्र्याला टेकली, तर करंट त्या पिनेवाटे जातो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर पत्रा जिवंत होऊन तुमची वाट बघत बसतो. तुमचा हात तारेवर, ओठ माइकला. १९७२ साली स्वान्सीला 'स्टोन द क्रोज'चा गिटारिस्ट लेस्ली हार्वी स्टेजवर अर्थ नसलेल्या माइकला हात लागून गेला. 'यार्डबर्ड्स'चा कीथ रेल्फ १९७६मध्ये घरीच गिटार वाजवताना गेला. इथे आठ सॉकेटच्या डब्यावरून भांडणं चाललीत आणि लोक पकडीने पिना मोडतायत.

बँजो_पार्टी_करीरोड
बाबा, घाबरवू नका. सगळेच मोडतात. वीस वर्षं मोडतोय, आम्हाला काय झालं?

सोल्डरबाबा
झालं असतं तर इथे लिहायला आला असतास का?

बँजो_पार्टी_करीरोड
भाषा सांभाळा. ट्रकवर चार चॅनलचा मिक्सर, जनरेटर मागच्या टेम्पोत, तिथे अर्थ देणार कुठे, आकाशात? तुमचं सोल्डरिंग एसीत बसून चालतं. आमचं पावसात, बारा-बारा तास.

सोल्डरबाबा
पावसात वाजवता म्हणूनच सांगतोय ना, बाबा! ओल्या हातातून करंट जास्त सहज जातो. जनरेटरवाल्याला ३० मिलिअँप गळतीला तुटणारी आरसीसीबी लावायला सांग, नीट जोडायला सांग आणि निघायच्या आधी टेस्ट बटण दाबून बघ. करंट बाहेर गळायला लागला की ती सप्लाय तोडते. कंडिशनरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि ती गिटार नाही, गिटारिस्ट वाचवते.

सतारवाली
पण घूं का येतो, ते कुणी सांगेल का?

सोल्डरबाबा
मिक्सर एका सॉकेटवर, तुमचा प्रीअ‍ॅम्प दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर. दोन्हींचे अर्थ वेगवेगळ्या वाटेने जातात, आणि सिग्नल केबलच्या शील्डने तेच दोघं पुन्हा जोडले जातात. झालं गोल रिंगण. त्यातून मेन्सचा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली पोरंबाळं आवाजात उतरतात. उपाय म्हणजे सगळं एका बोर्डावर घ्या, नाहीतर वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावून त्यावरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. तो सिग्नलच्या बाजूचा ग्राउंड सोडवतो, मेन्सच्या अर्थला हात लावत नाही. डीआय हातात असताना पकड काढणाऱ्याला मी स्टेजवरून खाली उतरवेन.

रॅकवाला_अंधेरी
"सगळं एका बोर्डावर घ्या." हेच तर कंडिशनर करतो! आठ सॉकेट, एकच अर्थ, एकच स्विच. धन्यवाद बाबा, केस जिंकली.

कीबोर्डवाला_दादर
हे धातूच्या पट्टीचा चांगला एक्स्टेंशन बोर्डही करतो. त्यासाठी "हौशी" म्हणायची गरज नव्हती.

सोल्डरबाबा
अंधेरी, फार उड्या मारू नकोस. तुझ्या डब्यातले काही एमओव्ही स्पाइक अर्थमध्ये ढकलायला बसवलेले असतात. बिल्डिंगला अर्थिंगच नसेल तर ते शोभेचे. जुन्या बिल्डिंगमध्ये राहतोस म्हणालास. मोजलंस कधी?

रॅकवाला_अंधेरी
मोजलं नाही. वायरमन म्हणाला होता आहे म्हणून.

सोल्डरबाबा
मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेव. फेज-न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास यायला हवेत, फेज-अर्थमध्ये जवळपास तेवढेच, न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन. फेज-अर्थला भलतंच काही आलं तर तिसरं भोक नुसतं भिंतीला पाडलेलं आहे. प्रोब धरताना बोटं मागे ठेव.

टिटवाळा_फास्ट
माझा लॅपटॉप दोन पिनवर असतो आणि हात लावला की झणझण होते. मीही जाणार का?

सोल्डरबाबा
नाही. चांगला अ‍ॅडाप्टर असेल तर ती आतल्या फिल्टर कपॅसिटरमधली गळती, अगदी थोडी. पण झणझण न होता सणकन झटका बसला तर थेट प्लग काढ.

कीबोर्डवाला_दादर
बाबा, मूळ प्रश्नाचं एका ओळीत सांगाल का? घ्यायचा की नाही?

सोल्डरबाबा
एका ओळीत हवं असेल तर ज्योतिषाला विचारा. स्टुडिओत रेकॉर्डिंग चाललंय? आधी यूपीएस. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी अख्खी मुंबई अंधारात गेली, तेव्हा माझ्या एका मिक्सचं सत्र यूपीएसमुळे सेव्ह झालं, कंडिशनर असता तर त्याचा दिवाही विझला असता. मंडपात वाजवताय? आरसीसीबी आणि ओव्हर-व्होल्टेज तोडणारा प्रोटेक्टर. एवढं करून लिफ्ट ऐकू येत असेल आणि पैसे उरले असतील तर घ्या खुशाल.

रॅकवाला_अंधेरी
आत्ता मोजलं. फेज-न्यूट्रल २३४. फेज-अर्थ ७१.

सोल्डरबाबा
अभिनंदन. निळ्या दिव्यांना सांग.

रॅकवाला_अंधेरी
ठीक आहे. "हौशी" शब्द मागे. बाकी पोस्ट तशीच राहील, लिफ्टचं टक् खरंच गेलंय. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जातोय, पण ते म्हणतील रीडेव्हलपमेंटमध्ये होईल सगळं. २०११पासून होतंय.

कीबोर्डवाला_दादर
चाळीस अंगठेवाल्यांनाही कळवशील का हे? असो. मल्टिमीटर कुठला आहे तुझा, मलाही घ्यायचाय.

बँजो_पार्टी_करीरोड
बाबा, ती आरसीसीबी चाळीस अँपची घेऊ की पंचवीसची? जनरेटर साडेसात केव्हीएचा आहे. भाऊ विचारतोय, मी नाही.

सोल्डरबाबा
सिंगल फेज असेल तर चाळीसची, पण गळतीचा आकडा ३० मिलिअँप लिहिलेलीच. आणि भावाला सांग, त्या मोडलेल्या पिनांचे प्लग पिशवीत भरून रविवारी घेऊन ये.