मदत हवी आहे: आजीच्या जुन्या फोटोतलं देऊळ कुठलं, इमेज सर्चने कळेल का?

नमस्कार मंडळी, आजीच्या ट्रंकेत एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो सापडलाय, त्यात आजी विशीतली, कडेवर आत्या, मागे दगडी देऊळ आणि शिखर वरून कापलं गेलंय. आजी आता ९१ची आहे, एकदा म्हणते आमच्या माहेरचं देऊळ, एकदा म्हणते जत्रेतलं. माहेर इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं ते. ती असेपर्यंत हे कळायला हवं असं फार वाटतं.

मोबाईलने फोटोचा फोटो काढून गूगल लेन्सला दिला तर आधी नऊवारी साड्याच दाखवल्या, विकायच्या. मग नुसतं देऊळ क्रॉप केलं तेव्हा सिन्नरचं गोंदेश्वर येतंय, पण ते मी बघितलंय, हे ते नाही. टिनआय या फोटो शोधायच्या साइटवर तर शून्य रिझल्ट. माझं काय चुकतंय? दुसरं काही टूल आहे का?

प्रतिसाद १:
चुकत काही नाहीये. टिनआय तुम्ही दिलेल्या फोटोच्याच कॉप्या शोधतं, कापलेल्या, रंग बदललेल्या पण सापडतात, पण तो फोटो आधी कुणीतरी नेटवर टाकलेला पाहिजे ना, तुमचा तर ट्रंकेत होता. लेन्स दिसायला सारखं काय आहे ते शोधतं, म्हणून शिखराची घडण जुळली की गोंदेश्वर. ज्या देवळाचे फोटो नेटवर भरपूर तेच आधी वर येणार, त्याला उत्तर समजू नका. फोटो फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर नीट स्कॅन करा, मोबाईलने काढला की चकाकी येते, आणि लेन्समध्ये फोटोसोबत शब्द पण टाकता येतात, तिथे 'पळसदेव उजनी' टाकून बघा. पळसदेव गावचं पळसनाथाचं देऊळ त्याच धरणात बुडालंय, पाणी उतरलं की दिसतं. यांडेक्स या रशियन सर्च इंजिनवरही फोटो एकदा टाका.

धागाकर्ता:
खूप आभार! शब्द टाकल्यावर पळसनाथाचे बरेच फोटो आले. शिखरावरच्या छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी जुळतायत असं वाटतंय, पण आमच्या फोटोत देवळापुढे एक ओटा आणि झाड आहे, आणि नेटवरच्या फोटोंत तिथे नुसतं पाणी नाहीतर गाळ. धरण १९८०ला पूर्ण झालं, त्याच्या आधीचा पळसदेवचा फोटो कुणाच्या घरी आहे का? इंदापूर, करमाळा, भिगवणकडचं कुणी असेल तर प्लीज घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, देवळापुढे ओटा होता का एवढं जरी कळलं तरी चालेल.