केमो संपल्यानंतर काय?

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बाईबद्दल 'घरात माणसं भरपूर आहेत, मग समुपदेशकाकडे कशाला जायचं' असं अनेकजण म्हणतात. केमो चालू असेपर्यंत ते बऱ्यापैकी लागू पडतं. डबे येतात, सोबतीला कुणीतरी असतं. रेडिएशन झालं की "सुटलीस बाई" म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात. ज्यांची गाठ हार्मोन-पॉझिटिव्ह (म्हणजे स्त्री-हार्मोनवर वाढणारी) असते, त्यातल्या अनेकींना टॅमॉक्सिफेन ही त्या हार्मोनचा परिणाम अडवणारी गोळी दिली जाते, साधारण ५ ते १० वर्षं. तिच्यामुळे अंगातून वाफा, रात्री घाम, मोडलेली झोप, वर प्रत्येक तपासणीआधी आजार उलटण्याची धास्ती. गेल्या आठवड्यातला मनाचा त्रास ० ते १० मध्ये किती, एवढं तिला विचारा; ४ किंवा जास्त आला तर नुसत्या धीरावर भागवू नका. आणि एकटीला विचारा, सासूबाईंसमोर "बरी आहे" हेच उत्तर येणार.

उदासीवर गोळी सुरू करताना मात्र टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या उदासीवरच्या गोळ्या यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम अडवतात. टॅमॉक्सिफेनचं एंडॉक्सिफेन, म्हणजे खरं काम करणारं द्रव्य, मुख्यतः त्याच्यामुळे बनतं, ते मग कमी बनतं. व्हेनलाफॅक्सिन या उदासीवरच्याच दुसऱ्या गोळीमध्ये ही अडचण फारच कमी, शिवाय वाफाही कमी होतात. पण उदासीवरची आधीची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. एकदम तोडली की चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू होते. बदल डॉक्टरांकडूनच, हळूहळू.