घरात रोज घालायला जुन्या धाटणीचे कपडे : सल्ला हवा आहे

घेरदार
गेली सात-आठ वर्षं मला 1940 आणि 1950 च्या दशकांतल्या कपड्यांचं वेड आहे. कमरेत नीट बसणारा, खाली भरपूर घेर असलेला, समोर बटणं, छोटी कॉलर, फुग्याची बाही असा फ्रॉक दिसला की माझा पाय निघत नाही. कपाटात असे सहा आहेत. त्यातले चार वर्षातून एकदाही बाहेर निघत नाहीत, कारण माझं सगळं काम घरून चालतं आणि दिवसभर अंगात तोच ढगळ टी-शर्ट असतो.

मागच्या महिन्यात ठरवलं की हे कपडे आता घरातच घालायचे. पहिल्याच दिवशी खराखुरा 50 च्या दशकातला, रेयॉन क्रेपचा (पीळदार धाग्याच्या कृत्रिम रेशमाचा) फ्रॉक घातला. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि काखेत टर्रकन आवाज आला. शिवण उसवली असती तर काही वाटलं नसतं. पण शिवणीला लागूनचं कापडच विरलेलं होतं, ते चार बोटं फाटलं. मी तशीच खाली बसले. फार वाईट वाटलं.

हौस सोडायची नाहीये. केर काढणं, ओट्यापाशी उभं राहणं, खुर्चीत आठ तास बसणं, हे सगळं ज्यात जमेल असं काय घालू? जुनेच कपडे शोधू की त्या धाटणीचे नवे शिवून घेऊ? आणि फाटलेल्याचं काय करू?

उरेबपट्टी
घेरदार, तो क्रेपचा फ्रॉक कामाच्या दिवशी घालणं आधी थांबव. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते, आणि काख म्हणजे घामाने सतत ओली होणारी जागा. सत्तर वर्षांत तिथलं कापड किती वेळा भिजलं आणि वाळलं असेल! तो तुझ्या हातून फाटला एवढंच, विरला तो कधीच होता.

आपण जुने फोटो बघतो ते बहुतेक ठेवणीतल्या कपड्यांचे. घरकामाचे कपडे फोटोत फारसे येत नाहीत. ते टिकलेही कमी, कारण झिजेपर्यंत वापरले गेले आणि शेवटी त्यांची फडकी झाली. पण ते होते, आणि फार विचार करून बेतलेले होते. तुला त्यांच्याकडे जायला हवं.

माझा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे हूवरेट. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचे प्रमुख हर्बर्ट हूवर होते, पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या नावावरून हे नाव पडलं. हा समोरून एकावर एक येणारा, बंदांनी बांधायचा फ्रॉक. गंमत त्याच्या पुढच्या दोन पाखांत आहे. दोन्ही पाखं सारख्याच रुंदीची असतात. सकाळभर काम करून वरचं पाखं मळलं की बंद सोडायचे, खालचं स्वच्छ पाखं वर घ्यायचं आणि पुन्हा बांधायचं. मी या बेताचे तीन शिवलेत. अकराच्या सुमारास ओट्यावरचं काम आवरतं आणि साडेअकराला कॅमेऱ्यासमोर बसायचं असतं. बंद सोडून बांधायला अर्धं मिनिट लागतं, समोरच्याला पोटावरचा ओला डाग दिसत नाही. शिवाय बंदांचा असल्यामुळे दोन-चार किलो इकडेतिकडे झाले तरी बसतो.

दुसरा म्हणजे 1942 चा पॉपओव्हर. क्लेअर मॅकार्डेल या अमेरिकन डिझायनरने तो केला. युद्धामुळे घरकामाला माणसं मिळेनाशी झाली होती, आणि स्वतः काम करणाऱ्या बाईला अंगावर नीटनेटकं काहीतरी हवं होतं. तिने डेनिममध्ये ढगळ, गुंडाळायचा फ्रॉक बेतला, भलामोठा खिसा दिला आणि गरम भांडं धरायचा हातमोजा फ्रॉकलाच जोडून टाकला. तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. घरात घालायचा कपडा इतक्या आदराने कुणी बेतावा याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणि तुला ब्रिटिश धाटणी आवडत असेल तर 1941 पासूनचे युटिलिटी कपडे बघ, म्हणजे युद्धकाळात सरकारी नियमांप्रमाणे शिवलेले. 'सीसी 41' हा शिक्का त्यांची खूण. कापड वाचवायचं म्हणून चुण्या, बटणं, खिसे सगळ्यांवर मर्यादा होती, त्यामुळे रेषा साध्या आणि सुटसुटीत. रोजच्या वापराचा बेत म्हणून उत्तम.

जुनी_पेटी
उरेबपट्टीला पूर्ण अनुमोदन. खरे जुने ठेव, नवे शिव.

माया_सोडा
मी वीस वर्षं शिवणकाम करते, म्हणून मापांबद्दल सांगते.

जुन्या पॅटर्नच्या (कापड बेतायच्या कागदी नमुन्याच्या) पाकिटावरच्या नंबरावर जाऊ नकोस. अमेरिकन पॅटर्नमध्ये 50 च्या दशकाच्या सुरुवातीला 14 नंबर म्हणजे 32 इंच छाती. 60 च्या दशकाच्या अखेरीला नंबर बदलले आणि तोच 14 म्हणजे 36 इंच झाली. आजच्या दुकानातल्या नंबराशी तर दोन्हींचा काही संबंध नाही. छाती, कंबर, सीट आणि खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी टेपने घे आणि पाकिटावरच्या इंचांशी ताडून बघ. जुना कपडा विकत घेतानाही तेच. कपडा सपाट पसरून मोजलेली मापं माग.

हात वर करण्याचा प्रश्न मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या घेराचा आहे. माझ्याकडे येणारी प्रत्येक दुसरी बाई म्हणते, मुंढा जरा खोल करा, हात मोकळा होईल. होतं उलटंच. मुंढा खाली गेला की हात उचलताना अख्खा फ्रॉक कमरेतून वर ओढला जातो. जुन्या कपड्यांचा मुंढा काखेच्या जवळ, छोटा असायचा आणि बाही वर पुरेशी रुंद, म्हणून त्यात हात छान फिरतो. आणि अंगासोबतच कापलेली बाही असेल तर काखेत चौकोनी तुकडा घालायचा, जुने शिंपी त्याला चौबगला म्हणत. उरेब (तिरका) धरून बसवला की डबा काय, पंख्याची पातीसुद्धा पुसता येतील.

कापड सुती घे. पॉपलिन, शांब्रे किंवा सीरसकर. सीरसकरवर विणतानाच चुरगळ्या येतात, त्यामुळे इस्त्रीची भानगड नाही. शिवायच्या आधी कापड एकदा धुऊन आटवून घे. शिवणीत अर्धा-पाऊण इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड सोड. वर्षाने कंबर बदलली तर तीच उपयोगी पडते. घेर हवा असेल तर अर्ध्या गोलाचा पुरे, पूर्ण गोल घेर खुर्चीच्या चाकात अडकतो. मी स्वतः अडकवलाय, आणि फाटला तो नेमका पुढच्या बाजूने.

घेरदार
मुंढ्याचं वाचून थक्क झाले, मी दोन फ्रॉकांचे मुंढे खोल करून घेतलेत! फाटलेल्या फ्रॉकचं काही होईल का?

जुनी_पेटी
होईल, पण ओढून शिवू नको. ओढून शिवलं की टाक्याच्या पलीकडचं कापड जातं. फाटलेल्या जागेच्या मागे त्याच्याहून पातळ, मऊ कापडाचा तुकडा ठेव, सगळ्या बाजूंनी दोन-दोन बोटं जास्त. बारीक सुई आणि बारीक दोरा घेऊन, चांगल्या कापडात, सैल टाके घाल. चिकटवायची इस्त्रीपट्टी वापरू नको, क्रेपवर ती कडक होते आणि कडेला नवी चीर पडते. पुढे घालशील तेव्हा आतून सुती शमीज घाल आणि काखेत धुता येणारे घामाचे पॅड लाव. जुन्या काळी ते सर्रास लावत, त्यामुळेच कित्येक फ्रॉक आपल्यापर्यंत पोचले.

निळीशाई
या चर्चेत एका गोष्टीबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. आगीचं बघा. माझ्या आईच्या गाऊनच्या बाहीने गॅसवर पेट घेतला होता. आम्ही घरात होतो म्हणून निभावलं. त्या बाहीचा वास मला अजून आठवतो.

घंटेसारखी रुंद बाही, लोंबणारी लेस, गळ्याची सैल बो हे सगळं ज्योतीपाशी नको. बाही कोपराच्या वर किंवा मनगटाला घट्ट. सुती कापड पेटतं, नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, त्यामुळे 50-60 च्या दशकांतले नायलॉनचे झुळझुळीत हाऊसकोट ओट्यापाशी अजिबात घालू नका. पोकळ, लवदार फ्लॅनेलेटही झपकन पेटतं.

आणि बटणं. जुन्या बटणांत, कंगव्यांत, केसांच्या पिनांत सेल्युलॉइड हे जुनं प्लॅस्टिक असू शकतं, ते फार वेगाने पेटतं. अंगठ्याने जोरात घासून गरम करा, कापराचा वास आला तर सेल्युलॉइड समजा. काडी लावून तपासणं तर चुकूनही नको. अशी बटणं काढून डबीत जपा, फ्रॉकला नवी लावा.

उरेबपट्टी
निळीशाई, बरं झालं लिहिलंत. मी बंदांची टोकंही आत खोचून घेते, तेवढंच.

संध्याछाया
माझं मत थोडं वेगळं आहे. खरा जुना कपडा पेटीत ठेवून काय करायचं? मी माझा 50 च्या दशकातला चौकडीचा सुती फ्रॉक आठवड्यातून दोनदा घालते. सुती आहे, घट्ट विणीचा आहे, धुतलेला सोसतो. विकत घेताना उजेडासमोर धरून बघितला, काखेत, कमरेच्या शिवणीत आणि बटणांच्या मागे कुठेही भोकं किंवा विरळपणा नव्हता. रेशीम आणि क्रेप वेगळे, ते मान्य. पण सरसकट 'खरे जुने ठेव' म्हणू नये. ज्या बाईने तो शिवला तिने घालण्यासाठीच शिवला होता.

जुनी_पेटी
संध्याछाया, पटलं. सुती आणि धडधाकट असेल तर जरूर घाला. माझा जीव अडकतो तो रेशमात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कित्येक रेशमांना वजन यावं म्हणून धातूंचे क्षार पाजले जात, ती रेशमं नुसत्या घडीवरही चिरफळतात. त्यांना हात लावायलाही भीती वाटते.

दुपारचा_चहा
पुरुषांनी काय घालावं? पायजमा-बनियन सोडून काही आहे का? मीही घरूनच काम करतो.

उरेबपट्टी
दादा, तुम्ही बनियन म्हणालात तिथेच उत्तर आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातले पुरुष घरात कोट उतरवून लांब, सैल झगा घालत, त्याचं नाव बॅनियन. हा शब्द आपल्या वाणी-बनिया यांच्यावरून गेला, आणि आपला 'बनियन' त्याच कुळातला. डच व्यापाऱ्यांनी आणलेले जपानी किमोनो आणि भारतातले झगे असा दोन्हींचा त्यावर ठसा. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स 1666 मध्ये स्वतःचं चित्र काढून घ्यायला बसला तो असाच 'इंडियन गाऊन' घालून, तोही भाड्याने आणलेला.

शिवायला सोपा आहे, सरळ कापाचा. जाडसर सुती कापड, गुडघ्याच्या खाली लांबी, आत मऊ अस्तर. खाली सदरा-पायजमा असला की दिवसभर बसायला झकास.

दुपारचा_चहा
शिवूनच घेतो! गडद निळा.

घेरदार
धुण्याचं कुणीतरी सांगा. माझ्या एकाही जुन्या फ्रॉकमध्ये धुण्याची सूचनापट्टी नाही.

संध्याछाया
अमेरिकेत ती पट्टी 1972 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या कपड्यांत बहुधा नसतेच, घरी शिवलेल्यांत तर नाहीच.

आधी पट्टा काढ. कापड चढवलेल्या जुन्या पट्ट्यांच्या आत बरेचदा पुठ्ठा असतो, भिजला की लगदा होतो. खांद्याचे पॅड उसवून बाजूला ठेव. आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून धर, रंग उतरला तर थांब. सुती असेल तर गार पाणी, सौम्य साबण, दहा मिनिटं, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत वाळवायचं. क्रेप मात्र पाण्यात घालू नकोस. त्याच्या धाग्याला इतका पीळ असतो की ओला झाला की आखडतो. मी एक घालून बघितला, बादलीतून काढला तेव्हा लहान मुलीचा वाटत होता.

धातूची चेन अडत असेल तर तिच्या दातांवर शिसपेन्सिल फिरव. आणि ॲसिटेटचं (रेशमासारखं दिसणारं कृत्रिम) कापड अंगावर असताना नेलपॉलिश काढू नको, तो द्रव सांडला की कापड तिथे विरघळतं.

लोकरीचं काही असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेव, उणे 18 अंशांवर. कसरीच्या अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात.

घेरदार
तीन आठवड्यांनी लिहितेय. बारीक चौकडीच्या शांब्रेचा हूवरेट शिवला. पहिल्यांदा बंद मागे बांधले ते खुर्चीला टेकलं की पाठीत रुतत होते, म्हणून सोडवून बाजूला घेतले. दोन मोठे खिसे लावले, एकात फोन, एकात फडकं. आज सकाळी त्याच फळीवरचा तोच डबा काढला आणि खांद्यापाशी काहीच ओढलं गेलं नाही. हात तसाच वर ठेवून दोनदा बघितलं.

क्रेपच्या फ्रॉकला मागून तुकडा लावलाय, जुनी_पेटीने सांगितलं तसा. तो आता रविवारी संध्याकाळी, नुसतं वाचत बसायचं असतं तेव्हा.

माया_सोडा, आता पुढच्याला फुग्याची बाही हवीय. हूवरेटच्या मुंढ्याला ती बसेल का?

माया_सोडा
बसेल. बाहीच्या वरच्या गोलाईत चार इंच जास्त घे, चुण्या फक्त खांद्याच्या टोकाजवळ घाल, काखेकडचा भाग सपाट ठेव. आणि खालच्या काठाला इलॅस्टिक नको, उरेब पट्टी लाव. दिवसभर दंडाला काचणार नाही.