पॅरालिसिसनंतर बाबांना घरी कसं सांभाळायचं?

सातारकर७१: बाबांना (वय ६८) पॅरालिसिसचा अटॅक येऊन महिना झाला, डावी बाजू गेलीये, परवा डिस्चार्ज मिळाला आणि घरी आमची नुसती तारांबळ. आई घाससुद्धा भरवते, शर्टही तीच चढवते. बरोबर आहे का हे?

नाईट_ड्युटी: न्यूरो वॉर्डात बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगते, आईंचा जीव तुटतो ते कळतं पण बाबांना जे जमतंय ते त्यांनाच करू द्या, एका बटणाला दहा मिनिटं लागली तरी लागू देत. शर्ट घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला. आणि उठवताना डावा हात धरून ओढायचं नाही हां, खांदा कायमचा दुखरा होऊ शकतो. दर २ तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाड रोज बघा, बोटाने दाबून लाली जात नसेल तर बेडसोर (पडून पडून होणारी जखम) सुरू झाला समजा.

कोकण्या: पाणी पिताना ठसका लागतो का? आमच्या काकांना लागायचा, आम्ही हसण्यावारी नेलं, पुढे पाणी फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया झाला.

सातारकर७१: लागतो हो! आणि ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते, उजवीकडची भाजी संपते. आई म्हणते आता कोशिंबीर आवडेनाशी झाली.

नाईट_ड्युटी: कोशिंबिरीचा दोष नाही, मेंदू डावी बाजू मोजतच नाहीये. मध्येच ताट फिरवा, डावीकडे बघायची आठवण करा. ठसक्यासाठी मात्र आजच डॉक्टरांना फोन करा, स्पीच थेरपिस्ट गिळणं तपासतात. भरवताना ताठ बसवा, जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका.