मिशिगनचा २०२३ चा सीझन (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)
"शेड्यूल सोपं होतं म्हणून मिशिगन १५-० गेलं (म्हणजे १५ च्या १५ मॅच जिंकलं)" असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. सुरुवातीचे सामने सोपे होते, मान्य, पण पेन स्टेटविरुद्धची मॅच आठवा ना, हेड कोच हार्बॉ सस्पेंड, त्यांच्या जागी शेरॉन मूर, समोरचा डिफेन्स एकदम तगडा आणि क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) मॅकार्थीने अख्ख्या मॅचमध्ये फक्त ८ पास टाकले, बाकी नुसतं बॉल घेऊन पळत राहिले, तरी २४-१५ जिंकले! मग ओहायो स्टेटला ३०-२४, फायनलला वॉशिंग्टनला ३४-१३. आणि रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा खेळाडू) कोरम! आदल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पोरगा, सीझनला २७ रशिंग टचडाउन (बॉल घेऊन पळत जाऊन केलेले स्कोअर). 'रोझ बोल' या सेमीफायनलमध्ये अलाबामाविरुद्ध ओव्हरटाइममधला त्याचा १७ यार्डांचा तो रन मला अजून डोळ्यासमोर दिसतो.