पहिल्या जॉर्जच्या काळातील सोनेरी मेजे : झिजलेला मुलामा काढावा का?

प्रश्न :
इंग्लंडमध्ये पहिल्या जॉर्जच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१४ ते १७२७ या काळात, घडवलेल्या सोनेरी मेजांवरील वेलबुट्टी इतकी उथळ आणि नाजूक असते की ती लाकडात कोरली असेल असे वाटत नाही. ती कशी केली जात असे? आणि मुलामा झिजला असेल, तर तो खरवडून नव्याने सोने चढवणे योग्य ठरेल का?

उत्तर १ :
तुमचे निरीक्षण अचूक आहे. लाकडावर खडूची पूड आणि कातड्यापासून काढलेला सरस यांचे मिश्रण, म्हणजे गेसो, एकावर एक अनेक थरांत चढवले जाई, आणि ते वाळून कठीण झाल्यावर वेलबुट्टी त्या थरातच कोरली जाई. मधली मोकळी जागा बारीक ठशांनी खरबरीत करत, कारण उठावाच्या भागावरचे घोटलेले सोने त्या मंद पार्श्वभूमीवरच झळाळून दिसते. मग चिकणमातीचा रंगीत हात देऊन, तो ओला करून त्यावर वर्ख ठेवला जाई आणि अकीक या गुळगुळीत, कठीण दगडाने घोटला जाई. या कामात लंडनचा कारागीर जेम्स मूर अग्रगण्य होता. १७१४ पासून जॉन गमली त्याचा भागीदार होता, आणि ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातील काही वस्तूंवर मूरचे नाव कोरलेले आढळते.

उत्तर २ :
यात एक भर घालतो. दशकभर इटलीत राहून १७१९ मध्ये परतलेल्या विल्यम केंट या वास्तुविशारद व सजावटकाराच्या शैलीतील मेजांना वरील वर्णन तंतोतंत लागू पडत नाही. ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलच्या हौटन हॉल या हवेलीसारख्या वास्तूंसाठी केलेल्या या कामात शिंपले, मुखवटे आणि जाड वळणदार पाने लाकडातच खोल कोरलेली असतात, आणि गेसो त्यांवर आवरणापुरते येते.

उत्तर ३ :
प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मूरच्या पद्धतीच्या मेजावरून गेसो खरवडले, तर केवळ सोने नव्हे, तर कारागिराचे सारे कोरीवकामच निघून जाते, आणि उरते ते सपाट लाकूड. जुन्यावरच नवे थर चढवले, तरी ठशांचे बारीक खळगे बुजतात आणि कडा बोथट होतात. तशा कडा दिसल्या तर नंतर पुन्हा सोने चढवले असल्याची शंका घ्यावी. ओल्या फडक्याने पुसणेही टाळावे, कारण पाण्याने सरस विरघळतो आणि घोटलेला वर्ख मातीसह सुटतो. कित्येकदा सोन्यावर नंतर दिलेला पितळी भुकटीचा रंग काळपटून मूळ मुलामा झाकलेला असतो. तो कुशल संवर्धकाकडून हलक्या हाताने काढून घेता येतो. सुटू लागलेले गेसो त्याच्याकडूनच जागेवर चिकटवून घ्यावे, आणि झिजलेल्या कडांमधून डोकावणारी तांबूस माती तशीच राहू द्यावी.