मदत हवी आहे: बीएस्सी केमिस्ट्रीच्या मुलांना डेटा सांभाळायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी वडोदऱ्यात बीएस्सीला केमिस्ट्री शिकवते. चार वर्षांच्या डिग्रीत शेवटच्या वर्षी मुलं संशोधन करणार, म्हणून तिसऱ्या वर्षाला डेटा नीट ठेवायला शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. आठवड्याला एक तास मिळतो.

सुरुवात साध्या प्रयोगाने केली: पाण्याचा हार्डनेस, ईडीटीए टायट्रेशन (ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब टाकून हार्डनेस मोजायचा). नमुने मुलांनीच आणले, कुणी सूरसागर तलावाचं पाणी, कुणी मांजलपूरच्या बोअरचं. एका मुलीच्या रफ वहीत ब्युरेटची (द्रावण मोजून सोडायच्या नळीची) रीडिंग्ज होती १४.५०, १४.३५, १४.४५. फेअर जर्नलमध्ये तिन्ही १४.४. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, फेअरमध्ये सारखीच लिहायची असतात ना?" ती खोटं वागत नव्हती. आम्हीच तसं शिकवलंय. गुण फेअर जर्नलला, रफ वही रद्दीत. मला तेव्हापासून चैन नाही.

मग फळ्यावर संशोधनाच्या डेटासाठीची २०१६ची फेअर (FAIR, चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं) तत्त्वं लिहिली: डेटा सापडावा, हाती यावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा. मुलांना वाटलं, हे फेअर जर्नलचेच नियम!

कॉम्प्युटरवर वेगळीच तऱ्हा. १४.५०चं १४.५ होतं, म्हणजे ब्युरेट किती बारकाईने वाचली तेच पुसलं जातं. अॅसिटोनायट्राइल या सॉल्व्हंटचा कॅस नंबर (रसायनाचा ओळख क्रमांक) ७५-०५-८ टाकला तर स्प्रेडशीटने त्याची तारीख करून टाकली. (कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवायचा, हे आता कळलं.)

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या कपाटातले जुने प्रोजेक्ट भिजून लगदा झाले. एका पेनड्राइव्हवरचे स्पेक्ट्रम (यंत्राने काढलेले नमुन्यांचे आलेख) बचावले, पण फाइलींची नावं 'सॅम्पल १', 'सॅम्पल २'. कशाचं सॅम्पल, कुठल्या सॉल्व्हंटमध्ये, कोणी घेतलं, काही पत्ता नाही. शिवाय त्या उघडतात फक्त यंत्राच्याच सॉफ्टवेअरमध्ये. आता प्रत्येक स्पेक्ट्रमची सीएसव्ही (कुठेही उघडणारी साधी टेक्स्ट फाइल) प्रतही काढून घेते.

माझा खरा प्रश्न गुणांचा आहे. मूळ नोंदीला मान मिळेल असे गुण कसे द्यायचे? कुणी केलंय का?

प्रतिसाद:
ताई, मी इथेच एका औषध कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे दर्जा तपासणीला) आहे. आमच्याकडे चुकलेला आकडा खोडरबराने किंवा व्हाइटनरने घालवला तर नोकरीवर येतं. एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवा आकडा, कारण, सही, तारीख. नोंद कुणी केली ते कळावं, ती वाचता यावी, काम चालू असतानाच केलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. याला आम्ही इंग्रजी आद्याक्षरांवरून अल्कोआ (ALCOA) म्हणतो. तुमची बरीच मुलं उद्या आमच्याचकडे येणार, त्यांना पहिल्या वर्षापासून पेनानेच लिहायला लावा. आणि वह्यांची अदलाबदल करा. एकाची रफ वही आणि फाइल दुसऱ्याला द्या, काही न विचारता त्याने हार्डनेस काढून दाखवायचा. निघाला तर गुण वही लिहिणाऱ्याला.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार! अदलाबदलीचं सोमवारच्या बॅचलाच करते. दहापैकी सहा गुण त्याला ठेवीन म्हणते. पण एक अडचण उरते. परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक खाडाखोड दिसली की गुण कापतात. रेघ मारलेला आकडा हा प्रामाणिकपणा आहे, हे त्यांना आधी कळवायची कुठली रीत तुमच्यापैकी कुणाच्या कॉलेजात आहे का?